आजोबांची बंदूक आणि आपली पोरं: शिकाऱ्याच्या घरातून पुढे काय द्यायचं, कसं द्यायचं

सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर-चोपडा-यावल पट्ट्यात, जुन्या घरांच्या ओसरीवर खांबाला दोन लाकडी खुंट्या दिसतात. डोक्याच्या वर, हातभर अंतराने. आज तिथे छत्री नाहीतर पिशवी लटकलेली असते. एकेकाळी तिथे बंदूक असायची.

आमच्याकडे बंदूक अजून आहे. बारा बोअरची, दुनळी. आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी लायसन्स काढून घेतलेली, त्यांच्याकडून आण्णांकडे म्हणजे माझ्या वडिलांकडे आलेली, आणि आता माझ्या नावावर. ती माझ्या नावावर व्हायला अकरा महिने गेले. त्याच काळात माझ्या पोरीने, तेव्हा ती दहाची होती, एका रात्री जेवताना विचारलं, "पप्पा, तुम्ही मला पण शिकवणार ना?" घास हातात राहिला. काय शिकवणार? शिकार? ती तर गुन्हा आहे. बंदूक? ती सहसा एकवीस वर्षांच्या आत हातात देता येत नाही. मग आपल्या घराण्यात एवढ्या अभिमानाने जे सांगितलं जातं, त्यातलं पोरांना द्यायचं तरी काय?

त्यानंतरच्या तीन वर्षांत मी कचेऱ्या, नेमबाजीची रेंज आणि रान या तिन्ही ठिकाणी पुरेसे धक्के खाल्ले. तुम्हाला ते खावे लागू नयेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी पोरांशी खरं बोला

बंदुकीला हात लावायच्या आधीची ही पायरी. बहुतेक जण ती गाळतात.

आपल्याकडच्या गोष्टी मोठ्या रंगवून सांगितल्या जातात. अमुक रात्री मचाणावर बसलो, तमुकने हाका घातला, एका गोळीत रानडुक्कर आडवं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी बेचकी घेऊन होल्यामागे धावतात. म्हणून गोष्ट सांगताना तिच्यासोबत कायदाही सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं घातली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळपास पूर्ण बंद झाली. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, कुठल्याही प्राण्याची शिकार करता येत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत, आणि किमान २५ हजार रुपये दंड. "शिकार" या शब्दात फक्त मारणं येत नाही. फास लावणं, सापळा लावणं, पाठलाग करणं, मारायचा प्रयत्न करणं, पक्ष्याची अंडी-घरटी मोडणं, हे सगळं त्यात येतं. हत्यार बंदूक आहे की बेचकी, याने फरक पडत नाही.

इथे हमखास एक प्रश्न येतो: "रोही (नीलगायी) आणि डुकरं मका भुईसपाट करतात, त्यांचं काय?" शेतकरी म्हणून हा राग मलाही आहे. पण पिकाच्या राखणीचं लायसन्स म्हणजे जनावर मारायचं लायसन्स नव्हे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायला वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि त्या आदेशात लिहिलंय तेवढंच करता येतं. बांधाला वीज सोडणं किंवा पिठाच्या गोळ्यात बारूद भरून ठेवणं, याचा विचारसुद्धा नको. त्यात गुरं आणि माणसंही मरतात. नुकसान झालं की लगेच पंचनामा करून भरपाईचा अर्ज टाका.

आपला प्रदेश शिकारीच्या गोष्टींनी भरलेला आहे, हे मात्र पोरांना जरूर सांगा. १८१९ मध्ये मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूरच्या दरीत त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम धरणगावात बसून पलटण बांधायचा आणि वाघांमागेही जायचा. भिल्लांचा विश्वास त्याने निम्मा शिकारीतूनच मिळवला, असं म्हणतात. शहाद्याजवळच्या रानपिंगळ्याची गोष्ट तर पोरांना फार आवडते. इंग्रज अधिकाऱ्यांनी बंदुकीने टिपून या छोट्या घुबडाचे मोजके नमुने जमवले. १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नाही, संपला असं सगळ्यांनी धरलं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला जिवंत सापडला. माझ्या पोरीने लगेच विचारलं, "मग यावेळी त्यांनी काय केलं? गोळी घातली?" नाही. फोटो काढले.

२. भिंतीवरचं सामान तपासा

शिकाऱ्याच्या घरात बंदुकीपेक्षा जास्त गोत्यात आणणारी वस्तू वेगळीच असते. सांबराची शिंगं, चितळाचं कातडं, बिबट्याची कवटी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाळाच्या गळ्यातलं वाघनख.

ज्याच्याकडे अशी वस्तू होती त्याने वन विभागाकडे ती जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. राहून गेलेल्यांसाठी २००३ मध्ये १८० दिवसांची एक संधी दिली होती. ती गेली. वस्तू वारशाने आली असेल तर वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करायची असते. मूळ प्रमाणपत्र घरात असेल तर ते शोधा आणि शिंगांच्या मागे चिकटवू नका, फाइलमध्ये ठेवा. (आमच्याकडे चिकटवलं होतं. वाळवीने अर्धं खाल्लं.)

प्रमाणपत्र आहे पण वस्तू नको असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार आधी कळवून ती सरकारजमा करता येते. पैसे मिळत नाहीत. विकायचा तर प्रश्नच नाही. आणि प्रमाणपत्रच नसेल, तर "मित्राला देऊन टाकू", "नदीत सोडून देऊ" असले बेत करण्याआधी एखाद्या वकिलाला भेटा. वाघनख खरं की शेळीच्या खुराचं, हे सोनारालाही सांगता येत नाही. आमच्या आत्याच्या कपाटातलं नकली निघालं, पण ते कळेपर्यंत घरात दोन दिवस कुणाला धड झोप नव्हती.

३. बंदुकीचे कागद

यात सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहिला गैरसमज: "बापाची बंदूक पोराची." शेत, घर, बैलजोडी वारशाने येते. बंदुकीचं लायसन्स आपोआप येत नाही. बंदूक वारशाने मिळू शकते, पण ती जवळ बाळगायला वारसाला स्वतःच्या नावाचं लायसन्स लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. लायसन्सधारक वारल्यावर बंदूक तशीच घरात ठेवणं म्हणजे बिनपरवाना हत्यार बाळगणं. विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. तेराव्याला चर्चा करू, असं करू नका.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: बंदूक वारसाकडे जायला मालक वारायलाच हवा असं नाही. आर्म्स रूल्स म्हणजे शस्त्र नियम, २०१६, यांच्या नियम २५ प्रमाणे लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला, किंवा ती बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच ती वारसाकडे देऊ शकतो. वारसांत मुलगा-मुलगी, सून-जावई, भाऊ-बहीण, नातवंडंही येतात. आमच्याकडे आण्णा त्र्याहत्तरचे होते. ते स्वतः कचेरीत आले, सही केली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली. वडील हयात असताना हे काम निम्म्या त्रासात होतं. करून टाका.

आणि संख्या मोजा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका. वारशाने येणारी धरून दोन. लायसन्सची मुदत मात्र त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षं झाली.

माझ्या फाइलमध्ये काय काय होतं, ते देतो. तुमच्या जिल्ह्यात एखादा कागद कमीजास्त होईल.

- फॉर्म ए-१ मधला अर्ज. तो शस्त्र लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर भरायचा आणि छापील प्रत कचेरीत द्यायची
- मूळ लायसन्सचं पुस्तक. त्यावर युआयएन (लायसन्सधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) चढलेला हवा, नसेल तर आधी तेच काम
- वडील हयात असतील तर त्यांचं संमतीचं शपथपत्र, नसतील तर मृत्यूचा दाखला
- बाकीच्या सगळ्या वारसांचं नाहरकत शपथपत्र
- जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो
- डॉक्टरांचा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, फॉर्म एस-३
- शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, फॉर्म एस-१
- पिकाच्या राखणीचं कारण दिलं असेल तर सातबारा

"सगळ्या वारसांचं" या शब्दाने माझे तीन महिने खाल्ले. भाऊ पुण्याला, त्याची सही आठ दिवसांत आली. ताई नाशिकला. ती म्हणाली, "बंदूक तुला, मग मला काय?" अर्धी थट्टा, अर्धं खरं. शेवटी मीच नाशिकला गेलो, भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ घेऊन. सही तिसऱ्या भाकरीनंतर झाली. भावाबहिणींना फोनवर सांगून मोकळे होऊ नका. समोर बसून सांगा.

फाइल एकदा परत आली ती वेगळ्याच कारणाने. बंदुकीच्या क्रमांकात कागदावर "१" होता, पोलीस पडताळणीत "७" आला. नळ्या उतरवून बुडाला पाहिलं तर तिथे पन्नास वर्षांच्या ग्रीसचा काळा थर. रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, भिंग लावलं. सातच होता. १९५८ मध्ये कुठल्यातरी कारकुनाने सातची मान खाली ओढली, आणि आजोबा व आण्णा दोघंही आयुष्यभर कागदावर दुसऱ्याच बंदुकीचे मालक होते. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा पडताळणी, दोन महिने. तुम्ही अर्ज करायच्या आधीच क्रमांक उघडून बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाव आणि गावाच्या स्पेलिंगचंही तेच. लायसन्सवर एक, आधारवर दुसरं असेल तर आधीच सरळ करा.

पोलीस पडताळणीला हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण "साहेबांना काहीतरी द्यावं लागेल" म्हणणारा एजंट दारात उभा राहिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मी त्याच्या नादाला लागलो नाही. माझा वेळ गेला, पैसे वाचले.

४. बंदूक घरी आली की

खुंटीवर नाही. लोखंडी पेटीत, कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली कुठे असते हे पोरांना माहीत नसावं. आजोबांची बंदूक ओसरीवर दिसायची, तो काळ गेला.

जुनी काडतुसं सापडतील. कागदी कवचाची, फुगलेली, पितळेला हिरवा गंज चढलेली. ती उडवून बघायची हौस करू नका. विक्रेत्याकडे किंवा पोलिसांत नेऊन द्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक जमा करायचं फर्मान येऊ शकतं. जमा करताना नळ्यांना तेल लावून, कापडात गुंडाळून द्या आणि परत घेताना पावतीवरचा क्रमांक जुळवून घ्या. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका.

आणि वरातीत हवेत बार काढणं. २०१९ नंतर त्याला स्वतंत्र शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाचा मामा कितीही आग्रह करो.

५. पोराच्या हातात पहिल्यांदा काय द्यायचं

बारा बोअर नाही. लायसन्सची बंदूक पोराच्या खांद्याला लावून "जरा धरून बघ" म्हणत फोटो काढणं हा सर्रास चालणारा गाढवपणा आहे. तो फोटो मोबाइलवर फिरतो आणि मग लायसन्सवर येतं.

सुरुवात एअर रायफलने करायची. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल असेल तर लायसन्स लागत नाही, विक्रेता ओळखपत्र घेऊन नोंद करतो. सापळा इथेच आहे: जुन्या बाजारात ५.५ मिलिमीटरची एअरगन स्वस्तात मिळते, दिसायला तशीच. तिला लायसन्स लागतं. छर्र्याची डबी बघून खात्री करा. आणि एअरगनने होला पाडला तरी ती शिकारच.

बंदूक हातात देण्याआधी मी पोरीला चार गोष्टी पाठ करायला लावल्या. बंदूक नेहमी भरलेली आहे असंच धरायचं. नळी माणसाकडे, जनावराकडे कधीच नाही. नेम बसेपर्यंत बोट चापावर नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. एक महिना तिला नुसती रिकामी रायफल उचलायला, उघडून दाखवायला, खाली ठेवायला लावली. ती वैतागली. आजोबांनी मला सहा महिने फक्त बंदूक पुसायला लावली होती, त्यामानाने ती सुटलीच.

चौथा नियम मी स्वतः मोडला, तो सांगतो. खळ्यात विटांच्या भिंतीवर कागद चिकटवला आणि म्हटलं, मार. छर्रा विटेवर आपटून उलटा आला आणि माझ्या चष्म्याची काच तडकली. डोळा वाचला. त्या दिवशी आण्णा माझ्याशी बोललेच नाहीत. भिंत, दगड, पत्रा, झाड यांवर छर्रा मारायचा नाही. लोखंडाची तिरकी पाटी बसवलेली, छर्रे खाली डब्यात पाडणारी पेटी वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, नाहीतर जुन्या वह्या-कागद घट्ट कोंबलेलं जाड खोकं ठेवा. दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून संपलं की साबणाने हात धुवायचे, मगच खाणं.

६. रेंज आणि गुरू

घरचा सराव दोन-तीन महिन्यांपुरता. पुढे प्रशिक्षक हवाच, नाहीतर आपण आपल्याच चुका पोराला वारशाने देतो.

माझं तेच झालं. पोरगी उजव्या हाताची, म्हणून मी उजव्या खांद्याला रायफल लावायला शिकवलं, आजोबांसारखं. छर्रे कागदभर विखुरायचे. प्रशिक्षकाने पहिल्या पाच मिनिटांत दोन हातांच्या बोटांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला लावला. तिचा डावा डोळा मुख्य निघाला. डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी आली आणि महिनाभरात छर्रे एका जागी जमायला लागले. तुमच्या पोराची ही परीक्षा आजच घरी घ्या. फुकट आहे.

१० मीटर एअर रायफलचं लक्ष्य ४५.५ मिलिमीटरचं असतं. त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो दहा गुणांचा. मोहरीचा दाणासुद्धा त्यापेक्षा मोठा. स्पर्धेत ६० फैरी, ७५ मिनिटं. रायफल साडेपाच किलोपर्यंत. हे आकडे ऐकून आण्णा हसले आणि म्हणाले, "मग डुक्कर काय, डुकराच्या अंगावरची गोचीड बी सुटाव नही." तेव्हापासून ते नातीच्या स्पर्धेला येतात.

क्लब शोधायला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. शालेय स्पर्धांत रायफल शूटिंग आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम), पीप साइट (बारीक भोकातून नेम) आणि पिस्तूल असे प्रकार असतात. पहिल्या वर्षी ओपन साइटमध्ये उतरवा, रायफल साधी चालते. परदेशी बनावटीची रायफल, जाड कॅनव्हासचं जॅकेट, बूट या खर्चात लगेच पडू नका. पोराला वर्षभर तरी क्लबच्या रायफलवर टिकू द्या. शाळेत एनसीसी असेल तर तीही घेऊ द्या.

"आपल्याकडे कुठे हे चालतं" असं म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूर दाखवतो. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकणारी तेजस्विनी सावंत तिथली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कांबळवाडीचा, आणि तेव्हा नोकरीला मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस. भुसावळच्या आमच्या पाहुण्यांना ऑलिंपिकपेक्षा याचंच कौतुक जास्त.

श्वासाचं तंत्र मात्र मी घरूनच दिलं. आजोबा म्हणायचे, "नेम डोयामा नही, पोटमा ऱ्हास." म्हणजे नेम डोळ्यात नाही, पोटात असतो. श्वास अर्धा सोडायचा, पोट थांबतं तेवढ्या पाच-सात सेकंदांत चाप हलका दाबायचा. नाही जमलं तर बंदूक खाली, पुन्हा सुरुवात. प्रशिक्षकही शब्द वेगळे वापरून हेच सांगतात.

७. माग काढायला शिकवा

शिकाऱ्याच्या घरातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान बंदुकीत नव्हतंच, असं आता मला वाटतं. रान वाचता येणं हे ते ज्ञान. आणि खरं सांगायचं तर ते आमच्या घरातलंही नव्हतं. हाक्याला पावरा आणि भिल्ल माणसं असायची. माग ते काढायचे, जनावर कुठून निघेल ते सांगायचे, आणि फोटो आजोबांचा निघायचा. म्हणून पोरीला मी अनेरकाठच्या एका पाड्यावर नेलं. तिथले एक म्हातारे बाबा तरुणपणी आजोबांबरोबर असायचे. ते काठी टेकत नाल्याच्या ओल्या वाळूपर्यंत आले आणि वाकून एक ठसा दाखवून म्हणाले, "हा कोण?"

नखं उमटली नाहीत, म्हणजे मांजरकुळ. नखं उमटली, आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा, म्हणजे तरस. दोन खूर आणि मागे दोन ठिपके, म्हणजे डुक्कर. ठशाची कड धारदार असेल तर ताजा, वाऱ्याने ढासळली असेल तर रात्रीचा, त्यावर किड्याची रेघ गेली असेल तर त्याहून जुना. तासाभरात पोरीला एवढं आलं. मला चाळीस वर्षांत आलं नव्हतं. निघताना तिने बाबांच्या पाया पडून विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

घरी करायला सोपं: शेताच्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर संध्याकाळी बारीक माती चाळून हातभर रुंद पट्टा पसरा. सकाळी उन्हं चढायच्या आत बघा. ठशाभोवती पुठ्ठ्याचं कडं ठेवून प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, अर्ध्या तासात साचा निघतो. हे स्वतःच्या शेतातच करा. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात जायचं तर वन विभागाची परवानगी घेऊनच, आणि हत्यार, एअरगनसुद्धा, न नेता. बिबट्याचा ताजा ठसा दिसला तर माग धरून पुढे जायचं नाही, मागे फिरायचं आणि वनरक्षकाला कळवायचं.

मचाणावर बसायची हौस असेल तर तीही भागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांत पाणवठ्यावर प्राणी मोजायला वन विभाग नावं नोंदवून घेतो. वयाची अट आधी विचारा. मागच्या वर्षी मी एकटाच बसलो. रात्रभरात दोन रोही, एक साळिंदर आणि असंख्य डास.

८. वही

शेवटचं साधन सगळ्यात स्वस्त. आजोबांची एक लाल पुठ्ठ्याची, खतावणीसारखी लांबट वही होती. चार रकाने: तारीख, जागा, काडतूस, फळ. प्रत्येक काडतुसाचा हिशेब. लागलं तर जनावराचं नाव, चुकलं तर फक्त "वाया". पानंच्या पानं "वाया, वाया, वाया" आहेत, आणि गोष्टी सांगताना यातलं एकही कुणी कधी सांगितलं नव्हतं. शेवटची नोंद नोव्हेंबर १९७२ ची, दुष्काळातली: "पाणी नाही. रानात कोणी नाही." त्यापुढे कोरी पानं.

ती वही पोरांना दाखवा, तुमच्याकडे असेल तर. नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवून आठवणी लिहून घ्या, चुकलेल्या नेमांसकट. आणि पोराला नवी वही द्या. रेंजवर प्रत्येक सरावानंतर तारीख, किती फैरी, किती गुण आणि चुकलं तर का, हे लिहायला लावा. सुरुवातीला "का" चा रकाना रिकामा राहतो, मग हळूहळू भरायला लागतो.

माझ्या पोरीने नवी वही नाकारली. तिने आजोबांच्याच वहीची कोरी पानं मागितली. आण्णांनी जरा विचार केला आणि दिली. नोव्हेंबर १९७२ च्या खाली तिने रेघ ओढली, तेच चार रकाने पाडले. पहिली नोंद अशी आहे: "४० छर्रे. १० मीटर. ११ वाया. का: पोट हललं, आणि पप्पा मागे उभे होते."